चिल्लरीचा हिशेब

जर्मन भाषेचं नाव काढलं की आपल्याकडचा कुठलाही सुशिक्षित माणूस दोन्ही हात फाकवून दाखवतो. "एवढाले शब्द असतात हो!" म्हणतो. गावाकडच्या घरात निघालेल्या सापाची लांबी सांगतानाही माणसं असेच हात फाकवतात, आणि तिथंही सांगणाऱ्याची भीती जितकी मोठी तितका साप लांब. जर्मन भाषेची ही बदनामी मला साफ नामंजूर आहे.

मी काही भाषापंडित नाही. बी. कॉम. आहे, तेही दुसऱ्या वर्गात. गेली २२ वर्षं बँकेत कारकुनी करतो आहे. पण कॅशच्या खिडकीत बसलेल्या माणसाला एक गोष्ट कुठल्याही पंडितापेक्षा जास्त कळते. मोठ्या नोटा कधी दगा देत नाहीत. पाचशेच्या नोटेकडे देणारा बघतो, घेणारा बघतो, रांगेत मागे उभा असलेला ज्याचा काही संबंध नाही तोसुद्धा मान उंचावून बघतो. संध्याकाळी कॅश जुळत नाही ती चिल्लरीपायी. दोनाचं नाणं रुपया म्हणून जातं, रुपयाचं दोन म्हणून येतं, आणि सात वाजता पंख्याखाली बसून आपण कपाळावरचा घाम पुसत असतो.

जर्मनचंही अगदी तेच आहे. 'क्रांकेनफेरझिशेरुंग्सकार्टे' हा शब्द घ्या. घाबरू नका, मीही पहिल्यांदा घाबरलो होतो. ही मालगाडी आहे, डबे सोडवले की संपलं. 'क्रांकेन' म्हणजे आजारी माणसं, 'फेरझिशेरुंग' म्हणजे विमा आणि 'कार्टे' म्हणजे कार्ड. आजारपणाच्या विम्याचं कार्ड. शेवटच्या डब्यापाशी आपल्याला घरातलं कार्टं आठवतं तेवढं सोडलं, तर इतका सज्जन शब्द शोधून सापडायचा नाही. याला दुसराच कुठला शब्द समजण्याची चूक आजवर कोणाच्या हातून झाली नसेल.

खरे चोर आहेत ते छोटे. वेर, वो, वी, वास, वान, वेन, डेन, डेम, डान, झी, ईर, ईम, ईन. ही यादी मोठ्यानं म्हणून बघा. पहिल्याच दिवशी तबल्याच्या क्लासला गेल्यासारखं वाटतं. यांतला प्रत्येक जण दुसऱ्याचा सदरा घालून फिरतो, आणि वाक्याचा सगळा अर्थ मात्र यांच्याच खिशात असतो.

आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाला या उठाठेवी कोणी सांगितल्या? सांगतो.

माझी भाची मिरजेला एका दवाखान्यात नर्स होती. २०२४ साली महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. ती बातमी ताईच्या घरी पोचली, आणि ज्या घरात तोपर्यंत कोल्हापूरच्या पलीकडच्या भूगोलाला कोणी हात लावला नव्हता, तिथं जर्मनीचा नकाशा भिंतीवर लागला. नर्स म्हणून तिकडे नोंदणी पक्की व्हायची तर साधारणपणे 'बी-टू' पातळीचं जर्मन लागतं. त्याआधी ए-वन, ए-टू, बी-वन. ताईला हे नाटकाच्या तिकिटांसारखं वाटलं. तिनं दोन पाटल्या तारण ठेवल्या, कर्ज काढलं आणि मुलीला आमच्याकडे पुण्याला धाडलं. तारण आमच्याच शाखेत. पाटल्यांची पावती मी माझ्या हातानं केली. तेव्हा या भाषेशी माझा संबंध काय, असं कृपा करून कोणी विचारू नये. संबंध ३२ ग्रॅमचा आहे.

पुण्यात जर्मन शिकवणाऱ्यांना तोटा नाही. मॅक्समुल्लर भवन आहे, विद्यापीठ आहे, आणि शिवाय गल्लोगल्ली क्लास आहेत. भाचीचा क्लास या तिसऱ्या प्रकारातला. एका दुमजली इमारतीत खाली केकचं दुकान आणि वर जर्मन. सर तरुण, हुशार, आणि बोलायचे फक्त इंग्रजीतून. महिन्याभरात भाचीचा चेहरा पावसात राहिलेल्या पापडासारखा झाला. एके दिवशी ती वही घेऊन आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिथं, भांडी पुसण्याच्या निमित्तानं, रडली. सौ.नं मला खूण केली. मी चौकशी केली, तेव्हा सरांची दोन वचनं बाहेर पडली.

पहिलं वचन : "तुझं शिक्षण मराठी माध्यमातलं आहे. आधी इंग्रजी सुधार, मग जर्मनकडे बघू."

दुसरं वचन : "छोट्या शब्दांचा फार विचार करू नका. संदर्भानं कळतात. नाही कळले तर सोडून द्या."

वाचकहो, मी स्वभावानं शांत माणूस आहे. मार्चअखेरीस दुपारी दोन वाजता पासबुक भरायला आलेल्या गृहस्थांनाही मी "बसा" म्हणतो. पण ही दोन वचनं ऐकून माझं डोकं फिरलं. हा लेख त्या फिरलेल्या डोक्याचा आहे.

दुसरं वचन आधी घेतो, कारण ते माझ्या खात्यातलं आहे. छोटे शब्द सोडून द्यायचे? नवराबायकोचं जोडखातं असतं. अर्जावर 'किंवा' असेल तर कोणीही एकानं सही करून पैसे काढावेत. 'आणि' असेल तर दोघांच्या सह्या हव्यात. एका भांडलेल्या जोडप्यापुढे काउंटरवर उभं राहून "संदर्भानं कळतं हो, सोडून द्या" असं सरांनी एकदा म्हणून दाखवावं! चेकवर आकडा अक्षरी लिहून झाला की पुढे 'फक्त' का लिहितात? त्या दीड अक्षरी शब्दानं किती लोकांची घरं वाचवली असतील याचा हिशेब कोणत्याही बँकेकडे नाही. आणि दवाखान्यात? गोळी 'फोर डेम एसेन' म्हणजे जेवणाआधी. 'नाख डेम एसेन' म्हणजे जेवणानंतर. 'नाख' म्हणजे नंतर, आणि त्याचा जुळा भाऊ 'नॉख' म्हणजे अजून, आणखी. एक गोळी नंतर द्यायची की आणखी एक द्यायची, हे आता सरांनी संदर्भावर सोडावं. पेशंट सरांच्या नात्यातला असेल तर मला जास्त आवडेल.

आता पहिलं वचन. या वचनानं माझ्या भाचीला रडवलं, म्हणून याला मी सोडणार नाही.

त्या रात्रीपासून आम्ही जेवणाच्या टेबलावर एक खतावणी उघडली. जुनं, लाल पाठीचं लेजर घरात पडून होतं. डावीकडे जर्मन, उजवीकडे मराठी, आणि मध्ये इंग्रजीला जागाच नाही. मीही तिच्याबरोबर शिकायला बसलो. पंधरा दिवसांत माझ्या लक्षात आलं की सरांच्या क्लासात होणाऱ्या निम्म्या चुका या जर्मनच्या नव्हत्याच. त्या इंग्रजीच्या होत्या. आमची पोरं दोन कर्जं एकदम फेडत होती.

'वेर' आणि 'वो' घ्या. 'वेर' म्हणजे कोण, 'वो' म्हणजे कुठे. मराठी माणसाला यात अडचण काय? काही नाही. पण हेच इंग्रजीतून शिकलात की 'वेर' ऐकू येतं 'व्हेअर'सारखं आणि अर्थ निघतो 'हू', 'वो' दिसतं 'हू'सारखं आणि अर्थ निघतो 'व्हेअर'. म्हणजे आधी नसलेला घोटाळा फी भरून विकत घ्यायचा. सरांनी विचारलं, "वो इस्ट डेर आर्त्स्ट?" म्हणजे डॉक्टर कुठे आहेत? अर्ध्या वर्गानं डॉक्टरांचं नाव सांगितलं.

तसंच 'वान' आणि 'वेन'. इंग्रजीत दोघांना मिळून एकच 'व्हेन', त्यामुळे मुलं चिठ्ठ्या टाकून यांतला एक निवडतात. मराठीत काय आहे बघा. 'तू केव्हा येणार?' इथं 'वान'. 'तू जेव्हा येतेस' किंवा 'जर तू आलीस' इथं 'वेन'. 'क'चा शब्द तो 'वान' आणि 'ज'चा शब्द तो 'वेन'. आणि 'मी लहान होते तेव्हा' असं एकदाच होऊन गेलेलं, पुन्हा न येणारं असेल तर 'आल्स'. 'आल्स' म्हणजे बंद झालेलं खातं. हे सांगायला मला अडीच मिनिटं लागली. क्लासात यावर दोन तास गेले होते आणि शेवटी सर "फील करा" म्हणाले होते.

'विल' या शब्दानं तर इंग्रजी शिकलेल्यांना धडाधड पाडलं. 'इश विल' म्हणजे 'मी करीन' असं समजून ते वाट्टेल ती आश्वासनं देत सुटतात. जर्मन 'विल'चा अर्थ आहे इच्छा. 'मला हवं आहे.' बँकेत आम्ही मृत माणसाच्या 'विल'ला मराठीत काय म्हणतो? इच्छापत्र! भाचीला एकदा इच्छापत्राची आठवण करून दिली, पुन्हा चूक नाही.

मग 'डेर, डी, डास'. मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदकारानं १८८० साली एक लांबलचक निबंध लिहून जर्मन भाषेची यथेच्छ टर उडवली. त्याची एक मोठी तक्रार अशी की या भाषेत मुलगी नपुंसकलिंगी आहे. 'डास मेडशेन.' या विनोदावर इंग्रजी वाचणारं जग आजही हसतं. मला एवढंच म्हणायचं आहे की हसा, पण आपण मराठी माणसांनी त्यांच्याबरोबर कशाला हसायचं? 'मेडशेन'मधलं 'शेन' हे शेपूट लहानपण दाखवतं, आणि ते लागलं की शब्द नपुंसकलिंगी होतो. आपलं पोरगं ते, लेकरू ते, कार्टं तर तेच तेच. अहो, 'बाईमाणूस' ते! जुन्या पिढीतले नवरे बायकोला 'कुटुंब' म्हणायचे, तेही ते! तो, ती, ते हे तीन खण ज्याच्या डोक्यात जन्मापासून तयार आहेत, त्याला आधी 'द, द, द' असा एकच खण करायला लावायचा आणि मग त्यात पुन्हा तीन फळ्या ठोकायच्या, याला शिकवणं म्हणत नाहीत. याला सुतारकाम म्हणतात.

बरं, हे 'डेर, डी, डास' जागच्या जागी राहत नाहीत, हे दुसरं रडगाणं. 'डेर मान' म्हणजे तो माणूस, पण माणसाला काही द्यायचं झालं की 'डेम मान'. 'डी फ्राउ' म्हणजे ती बाई, पण बाईला द्यायचं तर 'डेर फ्राउ'. म्हणजे 'डेर' पुरुषाचा समजून विश्वास ठेवावा तर तो बाईच्या घरात सापडतो. सगळा वर्ग म्हणे हताश झाला होता. आम्ही काय करतो? 'तो माणूस', पण 'त्या माणसाला'. 'ती बाई', पण 'त्या बाईला'. 'तो माणसाला' असं आपल्याकडे कोणी म्हणालं तर आपण त्याला परका म्हणून ओळखतो. पुढचा शब्द विभक्तीत गेला की मागचा छोटा शब्द बदलतो, हे मिरजेच्या भाजीवालीलाही कळतं. फक्त तिला ते इंग्रजीतून कोणी विचारलेलं नसतं.

'झी' या शब्दाबद्दल तर क्लासात शोकसभाच भरली होती. 'झी' म्हणजे ती. 'झी' म्हणजे ते सगळे. मोठ्या लिपीतलं अक्षर घेऊन आली तर तीच 'झी' म्हणजे तुम्ही, आदरार्थी. एकाच शब्दाचे तीन तीन अर्थ, मग ओळखायचं कसं? मी भाचीला म्हटलं, "अगं, 'ती आली' याचा अर्थ सांग."

"म्हणजे मुलगी आली."

"आणि ती पाहुण्यांची पोरं? 'ती आली' की नाही?"

भाची गप्प झाली. मग हसली. 'ती आली' म्हणजे एक बाई आली की शेजारची आठ पोरं आली, हे आपल्या क्रियापदावरूनही कळत नाही, आणि तरीसुद्धा आपण चहा बरोबर तेवढ्याच कपांचा टाकतो. जर्मन त्या मानानं दयाळू आहेत. 'झी कॉम्ट' म्हटलं की एकटी ती येते. 'झी कॉमेन' म्हटलं की सगळे येतात किंवा तुम्ही येता. शेजारचं क्रियापद बघावं, कोण आलंय ते कळतं. चेकवरची सही ओळखू येत नसली की आपण खातेनंबर बघतो, तसं.

आता मी प्रामाणिकपणे कबूल करतो, मराठी सगळीकडे तारत नाही. 'ईन' आणि 'ईम' या दोघांनाही आपल्याकडे 'त्याला' असंच म्हणतात. इथं आम्ही दोन रात्री अडलो. शेवटी मी माझ्या धंद्याकडे वळलो. 'मी त्याला पाहिलं' इथं त्याच्या खात्यात काही पडलं का? नाही. मग 'ईन'. 'मी त्याला पैसे दिले', 'मी त्याला मदत केली' इथं पैसे जमा, मदत जमा. ज्याच्या नावावर काही जमा होतं तो 'ईम'. नियम शंभर टक्के चालतो असा माझा दावा नाही, पण आमच्या लेजरात तो बराच टिकला. 'शोन' म्हणजे एव्हाना, आधीच, आणि सुंदर म्हणायचं तर जीभ 'शेन'ची ठेवून ओठ 'शोन'चे करायचे. हा स्वर आपल्याकडे नाही. त्याचा सराव करताना भाचीच्या तोंडून जे निघायचं ते ऐकून आईनं "कोणी शेण आणायला सांगितलंय का?" असं दोनदा विचारलं. आणि सूर्य त्यांच्याकडे बाई आहे, 'डी झोने', ते पाठच करावं लागतं. असो. ज्या दुकानात माल नाही तिथं नाही म्हणावं.

आईचा विषय निघालाच आहे तर घड्याळाची गोष्ट सांगतो.

क्लासात तोंडी सराव परीक्षा होती. वेळ दिली होती 'हाल्प एल्फ'. 'हाल्प' म्हणजे अर्धा, 'एल्फ' म्हणजे अकरा. सरांनी पूर्वी एकदा 'हाफ इलेव्हन' असं सांगून पुढचं पान उलटलं होतं. भाची साडेअकराची परीक्षा म्हणून सव्वाअकराला पोचली. परीक्षा साडेदहाला होती. तिचा नंबर येऊन गेला होता. सर म्हणाले, "जर्मनीत असं चालत नाही." ते खरंच आहे, चालत नाही. पण हे सांगायचं कोणाला, पोरीला की सांगणाऱ्याला?

ती घरी येऊन जेवेना. आईनं काय झालं ते विचारलं. आईला इंग्रजी येत नाही, जर्मन येण्याचा प्रश्नच नाही. वय ७६. मी सांगितलं, "अगं, हे लोक साडेदहाला 'अर्धे अकरा' म्हणतात."

"मग बरोबरच आहे की," आई म्हणाली.

"काय बरोबर?"

"अडीच म्हणजे काय रे? दोन पुरे आणि तिसऱ्यातलं अर्धं. औट म्हणजे तीन पुरे आणि चौथ्यातलं अर्धं. आमच्या अप्पांनी दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेतली होती. यांचं घड्याळ त्या पाढ्यांवर चालतं, एवढंच."

मी ताट तसंच ठेवून शब्दकोश काढला. आई बरोबर होती. 'अडीच' आला आहे संस्कृत 'अर्धतृतीय'वरून, म्हणजे अर्धा तिसरा. 'औट' म्हणजे साडेतीन, तो 'अर्धचतुर्थ'वरून, म्हणजे अर्धा चौथा. आणि जर्मनमध्ये अडीच वाजले की म्हणतात 'हाल्प द्राय', अर्धे तीन! साडेतीनला 'हाल्प फीर', अर्धे चार! दीड या आकड्याला तर त्यांच्याकडे वेगळा शब्दच आहे, 'आन्डर्टहाल्प', म्हणजे दुसऱ्यातलं अर्धं. आपण अडीचपर्यंत त्यांच्याबरोबर चालतो आणि साडेतीनला औट सोडून 'साडे'च्या गाडीत बसतो. ते बिचारे बारापर्यंत त्याच गाडीत बसून राहतात. माझ्या अंगावर काटा आला. बी. कॉम.च्या तीन वर्षांत अकाउंटन्सी वाचताना तो कधी आला नव्हता.

भाची जेवली. आणि दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून, म्हणजे 'हाल्प' रजा टाकून, सरांना भेटायला गेलो.

सरांनी मला केकच्या वासात बसवलं. मी म्हटलं, "तुम्ही पोरांना मराठीतून का नाही समजावून सांगत? वर्गात बहुतेक आपलीच मुलं आहेत."

"काका, जर्मन आणि इंग्रजी या बहिणी आहेत. मराठी कुठल्या कुठे!"

"बहिणी आहेत, मान्य. 'हाउस' आणि 'वासर' शिकवताना तुम्ही खुशाल त्या बहिणीला बोलवा, घर आणि पाणी ताबडतोब कळेल. पण या बहिणीनं लिंग टाकलं, विभक्ती बहुतेक टाकल्या, तू आणि तुम्ही यांतला फरकसुद्धा टाकला. आमच्याकडे हा सगळा माल शिल्लक आहे. मग चावी आमच्याकडे असताना खिडकीतून कशाला शिरायचं?"

"पण मुलांना तिकडे इंग्रजीही लागेल ना?"

"लागेल तेव्हा लागेल. ही पोरगी 'मी तीन वर्षांपासून काम करते' हे जर्मनमध्ये बरोबर सांगत होती. 'झाइट द्राय यारेन', तीन वर्षांपासून, आणि क्रियापद वर्तमानकाळी, जसं आपण म्हणतो तसं. तुम्ही तिला आधी इंग्रजीत करायला लावलंत. इंग्रजीत आलं 'फॉर'. मग तिनं 'फॉर'चं 'फ्यूर' केलं आणि तुम्ही त्यावर लाल शाई ओढलीत. उद्या पेशंट सांगेल, 'झाइट' तीन दिवस दुखतंय, म्हणजे तीन दिवसांपासून, अजून दुखतंय. किंवा सांगेल 'फोर' तीन दिवस दुखलं होतं, म्हणजे तीन दिवसांपूर्वी. तिनं काय करायचं? आधी मनात इंग्रजी सुधारायचं?"

सर थोडे वेळ गप्प बसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनाही कोणी तरी असंच शिकवलं असणार. शेवटी म्हणाले, "काका, खरं सांगू? मी इंग्रजीतून शिकवलं नाही तर पालक फी देत नाहीत. क्लास साधा वाटतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मीही त्या पालकांपैकीच एक होतो. क्लास निवडताना सरांचं इंग्रजी ऐकूनच मी पैसे भरले होते. म्हणजे या प्रकरणातला एक आरोपी हा लेख लिहितो आहे. नोंद असावी. पण म्हणून फिर्याद मागे घेत नाही. पुढे सर वर्गात अधूनमधून मराठी बोलू लागले, असं भाचीनं सांगितलं. 'डास' आणि 'डास्स' हे उच्चाराला अगदी एक. खुद्द जर्मन शाळकरी पोरं लिहिताना यात चुकतात. १९९६ सालच्या शुद्धलेखन सुधारणेत दुसऱ्याचं जुनं अक्षर काढून त्याला दोन 'स' दिले, तरी घोटाळा राहिलाच. तो सरांनी म्हणे एका वाक्यात सोडवला. "'हे', 'ते', 'जे' बसलं तर एक स, आणि 'की' बसलं तर दोन." हे वाक्य आमच्या लेजरातलं आहे. हक्क मागायला मी गेलो नाही.

त्या 'की'वरून शेवटचं सांगतो. क्लासातलं आणखी एक टाकाऊ नाणं म्हणजे 'डॉख'. सर म्हणायचे, याला इंग्रजीत शब्द नाही, म्हणून याला अर्थ नाही. हे म्हणजे आमच्या शाखेत खातं नाही म्हणून तो माणूसच नाही, असं झालं. कोणी नकारार्थी विचारलं, "तू जेवली नाहीस ना?" आणि आपण जेवलेलो असलो तर काय म्हणतो? "जेवले की!" तो 'की' म्हणजे 'डॉख'. समोरच्याचं 'नाही' अलगद उचलून बाजूला ठेवणारा, न भांडता. साध्या 'हो'नं ते काम होत नाही.

यथावकाश भाची बी-वन झाली, बी-टू पहिल्या खेपेला पडली, दुसऱ्या खेपेला झाली, आणि गेली. तिकडे एका दवाखान्यात रुजू झाली. पाटल्या अजून तारणातच आहेत, पण हप्ता महिन्याच्या महिन्याला येतो आणि मीच तो जमा करतो. लेजर तिनं बरोबर नेलं. बॅगेचं वजन जास्त भरत होतं, तेव्हा तिनं लोणच्याची बरणी काढली आणि लेजर ठेवलं. ताईला ते अजून पटलेलं नाही.

गेल्या रविवारी ताई आमच्याकडे आली होती. फोन लागला. इकडचं तिकडचं झालं आणि ताईला भरून आलं. तिला बोलता येईना, म्हणून फोन माझ्याकडे दिला. मी उगाच दटावणीच्या सुरात म्हटलं, "काय गं, आता तिकडेच रमलीस. दिवाळीला काही येणार नाहीस ना तू?"

पलीकडून एकच शब्द आला.

"डॉख, मामा."

ताईनं डोळे पुसत विचारलं, "काय म्हणाली रे?"

"येणार की, म्हणाली."